इगतपुरीला जाता आलं नाही तरी

"मन शांत करायचंय? इगतपुरीला जा," असं आमच्या वस्तीत हल्ली सर्रास सांगतात. तिथल्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. दहा दिवसांचं शिबिर, राहण्या-जेवणाची फी नाही. चांगलंच आहे. पण धुणीभांडी करणाऱ्या ताईला दहा दिवस सुट्टी कोण देणार? रोजंदारीवाल्याची चूल कोण पेटवणार? फी नसली तरी शिबिर आपल्याला फुकट पडत नाही.

मी वाशिंदहून ठाण्याला रोज लोकलने जाते. कसाऱ्याहून येणारी गाडी वाशिंदलाच भरलेली असते. कुणाचा धक्का लागला की डोकं तापायचं, आणि संध्याकाळी ते सगळं पोरांवर निघायचं. बीपी निघाल्यावर डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. विहारात आनापान शिकले होते, ते डब्यातच करून पाहिलं. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढंच बघायचं. लक्ष भाजीच्या भावाकडे, कालच्या भांडणाकडे पळतं. पळालं की परत आणायचं. राग अजून येतो, पण आता येताना दिसतो. तोंडातून शब्द निसटण्याआधी जरा उसंत मिळते. घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटली.

गोळी मात्र चालूच आहे. ध्यान करता म्हणून औषध बंद करू नका. गाडीच्या दारात उभं असताना डोळे मिटू नका. मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ध्यानाने माणूस थंड पडतो, लढा सोडतो, असं आपल्यातलेच काहीजण म्हणतात. ही भीती अगदीच खोटी नाही. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या वादाशी त्यांनी गृहत्याग जोडला. दुःख नुसतं मनात नसतं. डब्यातली गर्दी माझ्या मनाचा खेळ नाही, गाड्या कमी आहेत.

मागच्या महिन्यात जादा गाड्यांच्या अर्जासाठी आम्ही डब्यात सह्या गोळा केल्या. "सह्यांनी काय होतंय?" एक बाई खेकसली. पूर्वीची मी असते तर कल्याणपर्यंत भांडले असते. मी पेन तिच्यासमोर धरून उभी राहिले. टिटवाळा येता येता तिने सही केली.