पैनगंगेच्या अलीकडची इंग्रजी

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मराठी एकच, इंग्रजी मात्र दोन वाटांनी आली. पलीकडचे वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडले गेले. तिकडचा मुलगा चार इयत्ता मराठीत शिकायचा आणि मग ए. व्ही. म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत इंग्रजीला हात घालायचा. अलीकडचा माहूर-किनवटचा मुलूख निजामाच्या राज्यातच राहिला, तोही आदिलाबाद जिल्ह्यात. नांदेड जिल्हा आम्हाला मिळाला तो १९५६ साली. नदीपल्याड सोयरिकी होत, बाजारहाट होई, रेणुकामातेच्या दर्शनाला अख्खे वऱ्हाड इकडे लोटे. शाळेपुरती तेवढी नदी आडवी होती.

इंग्रजी शिक्षणाचा विषय निघाला की आपण मेकॉलेला पुढे ओढतो आणि त्याच्यावर खापर फोडून मोकळे होतो. त्याचे टिपण १८३५ चे, तेही कलकत्त्याचे. मुंबई इलाख्यातली गोष्ट त्याच्या आधी सुरू झाली आणि ती बरीच निराळी आहे. १८२२ साली मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी सोसायटी निघाली. तिने आधी देशी भाषांत पुस्तके तयार करून घेण्याचे काम अंगावर घेतले, कारण शिकवायला छापील पुस्तकच हाताशी नव्हते. जांभेकरांच्या १८३२ च्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. एल्फिन्स्टनच्या नावाने जमलेल्या निधीतून ऑर्लेबार आणि हार्कनेस हे दोन साहेब प्राध्यापक आले ते १८३५ साली. १८४७ च्या सुमारास शिक्षण मंडळात खडाजंगी झाली. अध्यक्ष अर्स्किन पेरी म्हणत, वरचे शिक्षण इंग्रजीतूनच व्हावे. कर्नल जर्व्हिस आणि नाना शंकरशेठ म्हणत, ते देशी भाषांतूनही होऊ शकते. वरच्या वर्गांपुरती पेरींची सरशी झाली. पण खालचे वर्ग मराठीचेच राहिले, आणि आमच्या मते मुंबई इलाख्यातली इंग्रजी रुजली ती या हरलेल्या बाजूच्या पुण्याईवर.

ती कशी रुजली ते वहीत दिसे. पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात स्पेलिंग, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार, तिसऱ्यात अर्थ. मग सगळ्या वर्गाने एका सुरात घोकायचे: सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. वरच्या वर्गात गेले की तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, आणि कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलले नाही की छडी खा. या पद्धतीला पुढे पुष्कळ नावे ठेवली गेली, काही रास्तही आहेत. बोलायची वेळ आली की त्या पिढीतल्या भल्याभल्यांची बोबडी वळे. पण तिसऱ्या रकान्यातला अर्थ मुलाला घरूनच ठाऊक असे. मांजर त्याने पाहिलेले होते आणि त्याला तो मांजरच म्हणत होता.

निजामी शाळेतल्या मराठी मुलाचे घोडे अडले ते या तिसऱ्या रकान्यात. राज्याच्या दरबाराची भाषा आधी फारसी होती, १८८४ च्या सुमारास उर्दू आली आणि वरच्या शाळांतही तीच बसली. मराठी बोलणारी प्रजा पाव हिस्सा, तेलुगू बोलणारी जवळपास निम्मी, उर्दूभाषक दहा-बारा टक्के. मराठी घरातल्या मुलाच्या कानावर ‘कॅट माने बिल्ली’ येई. बिल्ली म्हणजे काय हे त्याने आपले आपण जुळवायचे. भूगोल उर्दूत, हिशेब उर्दूत, आणि त्या उर्दूच्या खांद्यावर इंग्रजी.

इथे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. १९१७ चे फर्मान निघाले, भाषांतर विभाग उभा राहिला आणि वैद्यकापासून विज्ञानापर्यंत सगळे उर्दू या देशी भाषेत शिकवण्याचा घाट घातला गेला. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून सक्तीची ठेवली. तेव्हा हे धाडस देशात दुसऱ्या कोणी केले नव्हते. जर्व्हिस-शंकरशेठ जे मागत होते तेच हैदराबादेत घडले, पण ते प्रजेतल्या थोड्यांच्या भाषेत घडले. अर्ध्या पावलाने चुकलेला एवढा मोठा प्रयोग विरळाच.

आमच्या डोंगरात तर गुंता आणखी वाढलेला. इथल्या गोंड, कोलाम मुलांच्या घरी मराठीही नव्हती. आदिलाबादेत हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे केंद्र काढले आणि गोंडी वाचनपाठ तयार करवले, तेही देवनागरीत. निजामाच्या राज्यात आधी गोंडी, तीही बाळबोध लिपीत! खालून वर जायची वाट कोणाला तरी दिसली होती.

मराठीच्या वाट्याला ती वाट खासगी शाळांनी आणली. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ चे, औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ ची, मग अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. स्वामी रामानंद तीर्थ निजामाविरुद्धच्या चळवळीत पडले ते हिप्परगा आणि अंबाजोगाईला मास्तरकी करून. १९३८ साली वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानियातून मुले काढली गेली, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली. कालपर्यंत उर्दूत शिकलेल्या त्या मुलांपुढे आता इंग्रजीतली व्याख्याने आली. तरीही ती निभावून नेली.

निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर इकडच्या शाळांतून उर्दू गेली, मराठी आली. तिकडे मुंबई राज्यात खेर मंत्रिमंडळाने पाचवी ते सातवीतून इंग्रजीच काढून टाकली होती. ती पुढे परत आली, आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून सुरू झाली. तेव्हा केवढा गदारोळ झाला! आम्हाला तो निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो, कारण त्यात इंग्रजी मराठीच्या शाळेत आली होती.

आता मात्र उलटे चालले आहे. तांड्यावरचे, वाडीवरचे पोर सकाळी गळ्यात टाय बांधून पिवळ्या व्हॅनमध्ये चढते. घरी गोरमाटी किंवा गोंडी, गल्लीत मराठी आणि वर्गात थेट इंग्रजीतला भूगोल. शिकवणाऱ्या मॅडमना ती इंग्रजी झेपत नाही, म्हणून त्या उत्तरे फळ्यावर लिहून देतात आणि मुले पाठ करतात. आई-बाप पोटाला चिमटा काढून फी भरतात, त्यांना आम्ही दोष देणार नाही. इंग्रजीवाचून नोकरी नाही हे त्यांना आमच्याहून चांगले कळते. आमचे भांडण आहे ते तिसरा रकानाच पुसून टाकणाऱ्या शाळेशी. निजामाच्या शाळेत निदान ‘बिल्ली’ तरी होती.

यंदाच्या अंकाचा मोठा भाग या विषयाला दिला आहे तो त्यासाठीच. निवृत्त मास्तरांच्या आठवणी आहेत, नदीपलीकडच्यांचेही लेख आहेत, आणि आमच्याशी कडकडून भांडणारा एक लेखही मुद्दाम घेतला आहे. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून आजोबांची एखादी उर्दू-इंग्रजी वही, जुनी पाठमाला किंवा निजामी शाळेचा दाखला निघाला, तर तो रद्दीत घालू नका. आमच्याकडे पाठवा. मजकूर उतरवून घेऊ आणि वस्तू जशीच्या तशी परत करू.