विश्लेषण : नदीच्या तळाचा खडबडीतपणा पाणी स्वच्छ ठेवतो का?

शेतात टाकलेल्या नत्रखताचा मोठा भाग पावसाबरोबर ओढ्यात येतो. सांडपाण्यातूनही नायट्रेट येतंच. ते शोषून घेण्याचं काम ओढ्यातलं शेवाळ आणि सूक्ष्मजीव फुकटात करतात. प्रश्न असा की, शेवाळाचे प्रकार जास्त असले तर हे काम जास्त होतं का? की थोड्याच जाती पुरतात?

प्रयोग काय होता?

तेव्हा मिशिगन विद्यापीठात असलेले परिसंस्थाशास्त्रज्ञ ब्रॅडली कार्डिनाल यांनी १५० छोटे कृत्रिम ओढे तयार केले. उत्तर अमेरिकेतल्या ओढ्यांमध्ये नेहमी आढळणाऱ्या शेवाळाच्या एक ते आठ जाती त्यांत वाढवल्या आणि नायट्रेट किती वेगाने शोषलं जातं ते मोजलं. २०११ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ जातींच्या मिश्रणाने नायट्रेट शोषण्याचा वेग एकेकट्या जातीच्या सरासरीपेक्षा सुमारे साडेचार पट होता.

पण खरी गोम पुढे आहे. काही ओढ्यांत त्यांनी कुठे जोराचा प्रवाह, कुठे संथ पाणी अशी विविधता ठेवली होती. तिथे प्रत्येक जातीने आपापली जागा धरली. दगडाला घट्ट चिकटून बसणाऱ्या एकपेशीय जाती जोराच्या प्रवाहात टिकल्या आणि लांब तंतूंचं शेवाळ संथ पाण्यात पसरलं. बाकीचे ओढे मात्र सगळीकडे एकसारखे होते. त्यांत एकाच जातीने बाकीच्यांना हुसकावून लावलं आणि विविधतेचा फायदा नाहीसा झाला. म्हणजे नुसत्या जाती आणून सोडल्याने भागत नाही, त्यांना वेगवेगळी घरंही लागतात.

याच संशोधकाने सहकाऱ्यांसह २००२ मध्ये कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळ्यांवर प्रयोग केला होता. या अळ्या पाण्यात जाळी विणून वाहून येणारं अन्न पकडतात. वेगवेगळ्या जाती एकत्र असताना तळ उंचसखल झाला, पाणी सगळ्यांपर्यंत पोहोचलं आणि एकूण अन्नही जास्त पकडलं गेलं.

मग धोरणाशी याचा संबंध काय?

युरोपीय संघाने २०२४ मध्ये निसर्ग पुनर्स्थापना कायदा लागू केला. २०३० पर्यंत किमान २५ हजार किलोमीटर नद्या पुन्हा मुक्त वाहत्या करणं हे त्यातलं एक उद्दिष्ट आहे. आपल्याकडे पुणे महापालिकेचा मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प सुरू आहे. त्यावरची पर्यावरणवाद्यांची हरकत मुख्यतः झाडं, पूर आणि पात्राची रुंदी यांवर आहे. पात्र एकसारखं, सरळ आणि बांधीव केलं तर नदीची स्वतःला साफ करण्याची ताकद किती उरते, हा मुद्दा चर्चेत त्यामानाने मागे राहतो.

अर्थात साडेचार पट हा आकडा उचलून मुठेला लावता येणार नाही. प्रयोगशाळेत आठ जाती होत्या, खऱ्या नदीत शेकडो असतात. शिवाय तिथे सावली, पूर, मासे, गाळ सगळंच असतं. शेवाळाने शोषलेला नत्र कायमचा जातो असंही नाही. शेवाळ मेलं, कुजलं की बराचसा पुन्हा पाण्यात येतो. आणि प्रक्रिया न केलेलं सांडपाणी रोज सोडलं जात असेल, तर कितीही विविध शेवाळ ते निस्तरणार नाही. तिथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रच हवं. तरीही केंद्र बांधायचं आणि तळ मात्र सपाट करायचा, म्हणजे नदी फुकटात करत असलेलं काम आपणच काढून घ्यायचं.