टाक्यांचा पहारा

युक्रेनच्या भरतकामाविषयी मी प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले होते. तिथल्या पारंपरिक सदऱ्याला 'विशिवांका' म्हणतात. त्यावरील नक्षी गळ्याशी, मनगटाशी आणि खालच्या घेरावर असते. म्हणजे कापड संपून उघडे अंग जिथे सुरू होते, नेमके तिथे. वाईट शक्ती शरीरात शिरणार ती याच वाटांनी, तेव्हा तिथे टाक्यांचा पहारा बसवायचा, अशी जुनी समजूत. वर्गातल्या चर्चेत मी तिची यथेच्छ टिंगल केली. (लहानपणी माझ्या गालावर रोज तीट लागत असे, याचा तेव्हा सोयीस्कर विसर पडला होता.)

आज ती टिंगल मला उथळ वाटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये अनेक बाजूंनी घुसल्या. क्षेपणास्त्रापुढे दोऱ्याचे काय चालणार? काही नाही, हे तिथल्या आयांनाही कळते. मग हा पहारा कशाचा? मला वाटते, तो 'आपण कोण' या जाणिवेचा आहे. १८७६ साली रशियन साम्राज्याने युक्रेनियन भाषेत पुस्तके छापण्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. छापखान्याला कुलूप लावता येते, पण घरोघरच्या सुईला कसे लावणार? पोल्ताव्याकडे पांढऱ्यावर पांढरे भरतात, तर बोर्श्चिवकडच्या सदऱ्यांच्या बाह्या काळ्या दोऱ्याने गच्च भरलेल्या. जाणकाराला सदरा पाहून मुलूख ओळखता येतो. इव्हान फ्रांको हा थोर साहित्यिक तर युरोपीय कोटाच्या आत भरतकामाचा सदरा घाली. वीस ह्रिव्नियाच्या नोटेवर तो आजही तसाच दिसतो.

परंपरेच्या शुद्धतेबद्दल हळव्या असणाऱ्या माझ्या मित्रांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्या लाल-काळ्या गुलाबांना आपण अस्सल युक्रेनियन समजतो, ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरले. त्यांचे नमुने ब्रोकार नावाची साबण-अत्तरांची कंपनी आपल्या मालाबरोबर वाटत असे. आणि कारखाना कुठला? मॉस्कोचा! म्हणून ते गुलाब परके ठरतात का? मुळीच नाही. ज्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळे फोडून ते भरले, त्यांचे ते झाले.

२००६ साली चेर्निव्त्सी विद्यापीठातील लेस्या वोरोन्यूक या विद्यार्थिनीने सुचवले, की एक दिवस सर्वांनी विशिवांका घालून यावे. आज मे महिन्यातला तिसरा गुरुवार त्यासाठी ठरलेला आहे आणि तो अनेक देशांत पाळला जातो. सुरुवात मात्र आपल्यासारख्याच कॉलेजच्या पोरांनी केली.

आपल्याकडेही 'ट्रॅडिशनल डे' असतोच. गेल्या वर्षी मी भाड्याचा फेटा बांधून आलो, फोटो काढले, संध्याकाळी परत केला. तो कुठल्या भागातल्या पद्धतीचा होता, हे मला सांगता आले नसते. कोणी विचारलेही नाही.