जितेश कमी पडला की त्याची जागाच गेली?

मोर्शीत क्रिकेटचा विषय निघाला की दोन पार्ट्या ठरलेल्या. एक म्हणते, "आपला अमरावतीचा पोट्टा हाय राजेहो, त्याले मुद्दाम बाहेर ठेवलं." दुसरी म्हणते, "कायचा फिनिशर बे, दहा मॅचमधी एक चालते." 20 डिसेंबर 2025 ला टी-20 विश्वचषकाचा भारतीय संघ जाहीर झाला, त्यात जितेश शर्माचं नाव नव्हतं. तेव्हापासून चहाच्या टपरीवर हे भांडण मिटलेलं नाही.

दुसऱ्या पार्टीचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो आकड्यांवर उभा आहे. आयपीएल 2023 मध्ये पंजाबकडून 309 धावा, पुढच्या वर्षी थेट 187. मग बंगळुरूने 11 कोटी मोजले आणि 2025 मध्ये 261 धावा झाल्या. त्यातल्या 85 एकाच डावातल्या. 27 मे, लखनौ, 228 चा पाठलाग, हंगामी कर्णधार जितेश, 33 चेंडूंत नाबाद 85. त्याच डावात तो झेलबाद झाला होता, पण चेंडू नो-बॉल निघाला. टीकाकार हे आठवणीने सांगतात. सांगू द्या.

पण तो डाव वगळून बघा. उरतात 115 चेंडूंत 176 धावा, म्हणजे स्ट्राइक रेट 153 च्या आसपास. हा काही पडेल फलंदाजाचा आकडा नाही. आणि खरी गोम वेगळीच आहे: अख्ख्या मोसमात, 15 सामन्यांत, त्याला मिळाले 148 चेंडू. सामन्याला दहासुद्धा नाही! सहाव्या-सातव्या क्रमांकावर येणाऱ्याला पहिल्याच चेंडूपासून हाणायचं असतं, त्यात तो बाद होणारच. सलामीवीराचं माप लावून त्याचं 'सातत्य' मोजणं म्हणजे आंबिया बहाराचा हिशेब मृगात मागण्यासारखं आहे.

म्हणून पहिली पार्टी बरोबर, असंही नाही. नोव्हेंबरमध्ये दोहात बांगलादेश 'अ' विरुद्धचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्ये कर्णधार जितेशने 14 वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला न पाठवता स्वतः स्ट्राइक घेतली आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. दोन चेंडूंत दोन विकेट, धावा शून्य. इथे चेंडू कमी मिळाले ही सबब चालत नाही, निर्णय त्याचाच होता. आपल्या गावाकडचा आहे म्हणून यावर गप्प बसायचं, हे काही पटत नाही.

तरी विश्वचषक त्या एका ओव्हरमुळे गेला असं मला वाटत नाही. शुभमन गिल सलामीला होता तेव्हा संघाला खाली खेळणारा यष्टिरक्षक हवा होता, म्हणून ऑस्ट्रेलियात होबार्टला संजू सॅमसनच्या जागी जितेश आला आणि 13 चेंडूंत नाबाद 22 करून गेला. पुढे गिललाच वगळलं. संजू परत सलामीला, आणि दुसरा यष्टिरक्षक ईशान किशन, तोही सलामीचाच. त्याने मुश्ताक अलीच्या अंतिम सामन्यात शतक ठोकलं होतं. जितेशच्या खेळात दोन महिन्यांत काही बिघडलं नाही. त्याची जागाच आराखड्यातून गायब झाली.

गंमत म्हणजे जितेश मुळात खालचा फलंदाज नव्हताच. 2015-16 च्या मुश्ताक अली स्पर्धेत विदर्भासाठी त्याने 343 धावा काढल्या त्या वर खेळून. फिनिशर तो आयपीएलच्या गरजेतून झाला. आता तो विदर्भ सोडून बडोद्याकडे गेलाय. तिथे त्याला वरच्या क्रमांकावर पाठवतात का, टपरीवरच्या दोन्ही पार्ट्यांनी आता हेच बघायला हवं.