टेकडी तरुणांच्या स्वाधीन करा!

दरवर्षी मृगाच्या सरी कोसळल्या की पुण्याच्या टेकड्यांवर एक सोहळा भरतो. पायथ्याशी मांडव पडतो, ध्वनिक्षेपक लागतो, पाहुण्यांच्या छबीचे फलक झळकतात. महाविद्यालयांतील दीडदोनशे मुलेमुली सकाळी सहापासून ताटकळत उभी असतात. अकराच्या सुमारास पाहुणे येतात, माळ्याने आधीच लावून ठेवलेल्या रोपाला हात लावतात, छायाचित्र निघते आणि मोटारी परत फिरतात. मुले मात्र उरलेली रोपे मनापासून लावतात, चिखलाने माखून घरी जातात आणि आपण काही चांगले केले या समाधानात रात्री झोपी जातात. पुढे काय होते? आश्विनात गवत कमरेइतके वाढून रोप दिसेनासे होते. माघात ते गवत वाळते, फाल्गुनात कोणीतरी विडीचे थोटूक टाकतो आणि वणवा सारा उतार काळा करून जातो. पुन्हा मृग येतो, पुन्हा मांडव पडतो आणि पुष्कळदा त्याच खड्ड्यांत नवी रोपे बसविली जातात!

अग्रलेखाची जागा आतल्या पानावर असते, हे आम्ही जाणतो. झाडे लावण्यासारख्या निरुपद्रवी विषयासाठी पहिले पान का अडवावे, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या मते हा प्रश्न केवळ झाडांचा राहिलेला नाही. या शहरातील हजारो तरुणांची श्रम करण्याची तयारी दरवर्षी एका सकाळीत उधळून टाकली जाते, आणि असे दोनतीन वेळा झाले की तो तरुण पुन्हा टेकडीकडे फिरकत नाही. करपलेल्या रोपाच्या जागी दुसरे रोप मिळते. विटलेले मन पुन्हा पालवत नाही.

सरकारी उत्साहाला या देशात तोटा नाही. त्यावेळचे अन्नमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. महाराष्ट्र सरकारने १ जुलै २०१६ या एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला, पुढच्या वर्षी चार कोटींचा, २०१८ साली तेरा कोटींचा आणि २०१९ साली तेहतीस कोटींचा! देव तेहतीस कोटी, म्हणून झाडेही तेहतीस कोटी. त्यांतील जगली किती, यावर नंतर इतका वाद माजला की तो विधिमंडळात गेला आणि २०२१ साली चौकशीसाठी समिती नेमण्याची पाळी आली. त्या वादात कोणाची सरशी झाली, याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही. मुळात आकडा मोजायचा तो लावलेल्या झाडांचा की जगलेल्या, हे ठरल्याशिवाय अशा कोणत्याही मोहिमेला अर्थ नाही. लावणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते आणि पाणी घालणाऱ्याला कोणी विचारीत नाही, अशी रीत पडली म्हणजे लावणारे उदंड होतात आणि पाणी घालणारे दुर्मिळ होतात.

दोष तरुणांचा आहे काय? मुळीच नाही. मुंबईत आरे वसाहतीत ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीच्या अंधारात झाडांवर करवत चालली, तेव्हा तेथे धावून गेलेल्यांत तरुणच अधिक होते, आणि त्या वेळी २९ जणांना अटकही झाली. पुण्यात वेताळ टेकडीवरून जाऊ घातलेल्या रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये नागरिक रस्त्यावर उतरले, त्यांतही विद्यार्थी होते. रविवारी पहाटे पाण्याचे डबे खांद्यावर घेऊन टेकडी चढणाऱ्या तरुणांच्या लहान लहान टोळ्या ज्याने पाहिल्या आहेत, तो आजची पिढी आत्मकेंद्री झाल्याचे रडगाणे गाणार नाही. उणीव आहे ती त्यांच्या हाती द्यायच्या कामाची.

ते काम कोणते, हे समजण्यासाठी टेकडीकडे नीट पाहिले पाहिजे. आपली पहिली चूक तेथेच होते. चैत्रवैशाखात वेताळ टेकडी किंवा पाषाणची टेकडी पिवळी पडली की शहरातील माणूस तिला 'उजाड' म्हणतो आणि ती हिरवी करायला निघतो. वस्तुतः दख्खनच्या या कोरड्या टेकड्यांचा तो स्वाभाविक वेश आहे. काळ्या पाषाणावर वीतभर मुरमाड माती, तीत कुसळीसारखी गवते, मधूनमधून सालई, मोई, मेडशिंग, हिवर, खैर, पळस, गणेर आणि बोरी, असे हे विरळ रान आहे. गवतात चंडोल घरटे करतो आणि पावसात कंदांतून इवलीशी फुले वर येतात. अशा गवतात दाटीने खड्डे खणून भलतीच झाडे कोंबणे म्हणजे राहत्या घरातील माणसांना बाहेर काढून त्याच घराला 'रिकामे' म्हणण्यासारखे आहे.

असे आपण केलेही आहे. पूर्वी लवकर हिरवळ दिसावी म्हणून या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प मोठ्या प्रमाणात लावले गेले. शेतात हिरवळीचे खत म्हणून ते उपयोगी आहे, भरभर वाढते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. या गुणांमुळे ते लावणाऱ्यांना सोयीचे वाटले. आज त्याच्या दाट राया उभ्या आहेत आणि त्यांच्या खाली मूळच्या गवताला आणि झुडपांना जागा उरलेली नाही. दुसरीकडे टणटणी आणि रानमोडी ही परकी झुडपे उतार गिळीत चालली आहेत. म्हणजे पुण्याच्या टेकडीला नव्या रोपांची जितकी गरज आहे, तितकीच गरज चुकून आलेल्या वनस्पती काढून मूळच्या रानाला मोकळा श्वास घेऊ देण्याची आहे.

या कामाचा वस्तुपाठ ऑस्ट्रेलियातील दोन बहिणींनी घालून दिला. सिडनीच्या बंदराकाठी मॉसमन उपनगरात राहणाऱ्या आयलीन आणि जोन ब्रॅडली या भगिनी १९६० च्या दशकात रोज फिरायला जात. जाताना वाटेवरच्या रानातील परके तण थोडे थोडे हाताने उपटीत. मजुरांची फौज लावून एका दिवसात सारे रान साफ करण्याचा मोह त्यांनी टाळला, कारण मोकळी झालेली जमीन तणानेच पुन्हा भरून जाते, हे त्यांनी पाहिले होते. निरीक्षणातून त्यांनी तीन नियम बसविले. जेथे मूळचे रान चांगले आहे तेथून आरंभ करावा आणि बिघडलेल्या भागाकडे हळूहळू सरकावे. माती कमीत कमी उकरावी आणि पालापाचोळा होता तसा परत पसरावा. आणि मूळची झाडे ज्या वेगाने परत येतील, त्याच वेगाने तण काढावे. माणसाने घाई करू नये. जमिनीत निजलेले बी आणि खोल गेलेली मुळे संधी मिळताच आपण होऊन फुटतात, ही त्यांची श्रद्धा अनुभवाने खरी ठरली. आज ऑस्ट्रेलियात स्वयंसेवकांची पथके रानाच्या पुनरुज्जीवनाचे हे काम करतात. त्यांना ज्या तणांशी झुंजावे लागते त्यांत आपली टणटणीही आहे!

हा पाठ आपल्याला अगदी परका नाही. आपल्या देवराया कोणी लावल्या? कोणीच नाही. गावाने त्या रानावर कुऱ्हाड चालविली नाही, एवढ्यानेच त्या उभ्या राहिल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास करून विद्वज्जगाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. रान राखले तर ते वाढते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. आपण मात्र राखणे विसरलो आणि लावण्याचा उत्सव केला.

याचा अर्थ रोपे लावूच नयेत, असा कोणी घेऊ नये. जेथे माती धुपून गेली आहे, जेथे मूळचे बीजच उरलेले नाही, तेथे लावलीच पाहिजेत. पण ते वर्षभराचे काम आहे. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावे लागतात. उतारावर समतल चर काढून पाणी अडवावे लागते. रोप बसविताना प्लॅस्टिकची पिशवी फाडून काढावी लागते; ती तशीच राहिल्याने मुळे कोंडून मेलेली रोपे आम्ही पाहिली आहेत. पावसाळा सरताच भोवतीचे गवत कापून आळ्यात पालापाचोळा घालावा लागतो. होळीच्या आत जाळरेषा काढावी लागते. फाल्गुनापासून वळवापर्यंत पाणी वाहावे लागते, आणि हे निदान तीन उन्हाळे. टणटणीची तऱ्हा निराळी. वरवर छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते, म्हणून तिचे मूळ मातीखाली तोडावे लागते आणि पुढची दोनतीन वर्षे उगवणारी पिले वेचावी लागतात. यांतील एकही काम छायाचित्राला शोभणारे नाही. पण टेकडी जगते ती याच कामांनी.

मनुष्यबळ कोठून आणावे? ते आपल्यापाशी आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी, असा नियम आहे. आज हे तास भाषणे, फेऱ्या, घोषणा आणि रस्ता झाडण्याची प्रात्यक्षिके यांत विखुरले जातात. त्यांपैकी प्रत्येक वर्षी केवळ ४० तास एकाच जागेला दिले, तर पन्नास विद्यार्थ्यांचे एक पथक दरवर्षी दोन हजार तास काम करील. दोनचार एकरांचा तुकडा सावरायला एवढे श्रम कमी नाहीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाला टेकडीचा एक निश्चित तुकडा किमान दहा वर्षांसाठी राखणीस द्या. जमीन वनखात्याची असो वा महापालिकेची, मालकी ज्याची त्याच्याकडेच राहू द्या; राखण तरुणांची असू द्या. आरंभी वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांकडून त्या तुकड्यावरील प्रत्येक झाडाची, झुडपाची आणि गवताची नोंद करून घ्या, म्हणजे काय काढायचे आणि काय राखायचे हे कळेल. महापालिकेने पायथ्याशी पाण्याची टाकी आणि अवजारे द्यावीत, वनखात्याने एक जाणता वनरक्षक द्यावा. आणि दरवर्षी वैशाखात, भर उन्हात, जिवंत झाडांची गणती करून ती जाहीर करावी. पाहुण्यांना बोलवायचेच असेल तर त्या दिवशी बोलवा!

यावर अधिकारी म्हणतील की विद्यार्थी तीन वर्षांत शिकून निघून जातात, दहा वर्षांची हमी कोण देणार? महाविद्यालये तर निघून जात नाहीत! क्रिकेटचा संघ दरवर्षी बदलतो, तरी मैदान ओसाड पडत नाही. जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीला नोंदवही सोपवील. दुसरा आक्षेप असा येईल की हौशी हातांनी चुका होतील. होतील. पण गिरिपुष्पाच्या राया काही हौशी हातांनी लावल्या नव्हत्या. हौशी माणसे शिकून केवढे काम करू शकतात, हे पाहायचे असेल तर गुरगावला जावे. खाणींनी पोखरलेल्या अरवलीच्या एका भागावर तेथील नागरिकांनी २०१० च्या सुमारास काम सुरू केले, विलायती बाभूळ हटवून धावडा, सालई, पळस अशी तेथली मूळची झाडे स्वतः रोपवाटिकेत वाढवून लावली, आणि २०२२ साली त्या उद्यानाला संरक्षित क्षेत्राबाहेरील संवर्धनस्थळ म्हणून मान्यता मिळाली. गुरगावला जे जमते ते पुण्याला जमू नये काय?

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या टेकडीवर मुलांनी दहा वर्षे पाणी वाहायचे, ती टेकडी अकराव्या वर्षी रस्त्यासाठी फोडली जाणार नाही, याची हमी त्यांना मिळाली पाहिजे. एका हाताने रोप देऊन दुसऱ्या हाताने नकाशावर रेघ ओढण्याचा खेळ आता थांबला पाहिजे. 'एक झाड तोडले तर त्याच्या बदल्यात इतकी लावू' हा हिशेब कागदावर जुळतो. पण रान म्हणजे झाडांची बेरीज नव्हे. पन्नास वर्षांच्या पिंपळाची भरपाई कुंडीतल्या पन्नास रोपांनी होत नाही, आणि मोडलेल्या विश्वासाची भरपाई तर कशानेच होत नाही. तरुणांना सेवेचा उपदेश करणाऱ्या सत्तेने आधी त्यांच्या श्रमाची राखण करण्याची शपथ घ्यावी.

आईबापांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. मुलगा रविवारी शिकवणी बुडवून टेकडीवर गेला तर घरात वादळ उठते. त्याला जाऊ द्या. बी रुजायला किती दिवस लागतात, वर्षभर जपलेले रोप एका रात्री जळाले की काय वाटते आणि तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा फावडे का उचलायचे, हे कोणत्याही वर्गात शिकवीत नाहीत. जमल्यास त्याच्याबरोबर तुम्हीही एक डबा वर न्या.

फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले आपल्या तीन सहकाऱ्यांसह गेले आणि तेथे आजन्म देशसेवेची शपथ घेऊन त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. ज्येष्ठाचेच दिवस होते ते. चौघांच्या शपथेला मांडव नव्हता, ध्वनिक्षेपक नव्हता. त्यांनी शब्द दिला आणि तो आयुष्यभर पाळला. त्या टेकडीवर आज जे तरुण रोपे हातात घेऊन उभे राहतात, त्यांच्याकडून आपण एका सकाळीची हजेरी मागतो. त्यांची ताकद याहून पुष्कळ मोठी आहे. त्यांना दहा वर्षांचे काम द्या, टेकडी त्यांच्या स्वाधीन करा आणि मग वैशाखात मोजायला या!