शंकेचे उचंत खाते

या विषयावर आपल्या अंकात कुणी लिहीत नाही. शुद्धलेखन स्पर्धा, सहलीचे वर्णन, हुंडाबंदी चालते. गुप्तरोग म्हटले की संपादक मंडळ खाली पाहते. तरीही लिहितो.

मी सुरतच्या पांडेसऱ्याचा. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो आणि पुढे आजोळी, इकडे सीमाभागात, कॉलेजला आलो. आमच्या चाळीच्या आसपास रंगाई-छपाईच्या मिली. बारा-बारा तासांच्या पाळ्या. एका खोलीत दिवसपाळीचे झोपायला येतात तेव्हा रातपाळीचे उठतात. खानदेशातून आलेला एक भाऊ तिथे राहतो. मला धाकटा मानतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला गच्चीवर नेले आणि तासभर इकडचे तिकडचे बोलून शेवटी सांगितले: चार वर्षांपूर्वी एकदा, एकदाच, तो मित्रांबरोबर 'तसल्या' ठिकाणी गेला होता. तेव्हापासून अंगावर पुळी उठली की त्याला तेच वाटते. घसा दुखला, ताप आला, वजन दोन किलो उतरले, सगळ्याचे कारण तीच रात्र. भिंतीवरची जाहिरात वाचून एका 'वैद्या'कडे त्याने दोन पगार ओतले. रक्त मात्र एकदाही तपासले नाही. आणि आता त्याचे लग्न ठरले होते.

आम्ही वाणिज्य शाखेवाले उचंत खाते ओळखतो. हिशेब जुळेना की फरकाची रक्कम तिथे टाकायची. पण ती वर्षानुवर्षे पुढे ओढली, तर हिशेबनीस एक तर आळशी असतो नाही तर भ्यालेला. भाऊ दुसऱ्या प्रकारचा.

त्याची चूक मला त्या रात्रीपेक्षा पुढच्या चार वर्षांत जास्त दिसते. शरीराकडे टक लावून बसल्याने काहीच कळत नाही. पुळी, ताप, थकवा शंभर कारणांनी येतात. उलट गरमी, म्हणजे उपदंश, फसवा असतो. पहिला व्रण बहुधा दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरतो, आणि रोग वर्षानुवर्षे निमूट आत राहू शकतो. म्हणजे लक्षण दिसले म्हणून रोग आहे असे नाही, आणि दिसले नाही म्हणून सुटलो असेही नाही. उत्तर रक्ततपासणीत आहे. उपदंश तिच्यात सापडतो आणि पेनिसिलिनने बरा होतो. संबंधानंतर तीन महिने उलटल्यावर केलेली एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली, तर त्या प्रसंगापुरती शंका मिटते. पॉझिटिव्ह आली तरी सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात, आणि ती नियमित घेणारा माणूस संसार करतो. चाचणीही सरकारी रुग्णालयात फुकट होते. संमतीशिवाय ती करू नये, निकाल गुप्त ठेवावा, असा 2017 चा कायदाच आहे. 1097 या क्रमांकावर फोन करायला तर पैसेही लागत नाहीत.

हे भावाला कुणी का सांगितले नाही? र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. त्यात वाचकांच्या अशाच खाजगी प्रश्नांना ते उत्तरे देत. त्यापायी 1934 मध्ये खटला झाला आणि डॉ. आंबेडकर त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले. इतक्या वर्षांनी आपण अजून भिंतीवरच्या जाहिरातीच वाचतो! आमच्या शाळेत प्रजननाचा धडा सरांनी 'घरी वाचा' म्हणून सोडला होता. (कन्नड विभागातले मित्र सांगतात, त्यांच्याकडेही तेच.)

असो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने एक पाळी बुडवली आणि आम्ही दोघे सिव्हिलला गेलो. तिथल्या बाईंनी दार लावून घेतले आणि मला बाहेर बसवले. निकाल काय आला ते मी लिहिणार नाही, तो त्याचा आहे. परतताना रिक्षात त्याने एकच विचारले, "तिला सांगू का रे?" मी 'सांग' म्हणालो. तो उधन्यापर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "तूही चल बरोबर. एकट्याने नाही जमायचं."