ई-सायकल घ्या, पण साधी सायकल विकू नका

दवाखान्यात सध्या एक प्रश्न वरचेवर येतो. "डॉक्टर, ई-सायकल घेऊ का? त्यात व्यायाम होतो का?" प्रश्न साधा आहे. पण आपल्या कोल्हापुरात त्याची दोन उत्तरे मिळतात आणि माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत.

पहिले उत्तर रविवारी पहाटे पन्हाळा-जोतिबाच्या वाटेला लागणाऱ्या सायकलस्वारांचे. "मोटारच सगळं वढतीय, मग व्यायाम कसला?" ई-सायकल ही आळशी माणसाची पळवाट आहे, असे त्यांचे ठाम मत. दुसरे उत्तर विकणाऱ्यांचे. पेट्रोल नाही, दम नाही, घाम नाही, आणि कामावर जाता जाता व्यायामही होतो.

पहिले उत्तर ऐकून पन्नाशीचा मधुमेही माणूस सायकलचा नादच सोडतो आणि पुन्हा गाडीला किक मारतो. दुसरे उत्तर ऐकून तोच माणूस पैसे मोजून बसून राहण्याचे आणखी एक साधन घरी आणतो. दोन्हीकडे नुकसान रुग्णाचेच होते, म्हणून हा लेख.

नाव एक, वस्तू दोन

बाजारात 'ई-सायकल' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात.

एक, पेडल असिस्ट. तुम्ही पायडल मारले की मोटार मदत करते, पाय थांबले की मोटारही थांबते. किती मदत घ्यायची हे हँडलवरच्या बटणाने ठरवता येते.

दोन, थ्रॉटल. गाडीच्या ॲक्सिलेटरसारखी मूठ पिळली, किंवा अंगठ्याने खटका दाबला, की सायकल आपोआप पळते. पाय नुसते पायडलवर ठेवायचे.

आपल्याकडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये या दोन्ही सोयी एकत्र असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मात्र मदतनीस मोटार असलेल्या सायकलीचे वर्णन नेमके आहे: मोटार २५० वॉटच्या आत, वेग वाढेल तशी मदत कमी होत जाणारी, ताशी २५ किलोमीटरला किंवा पायडल मारणे थांबताच बंद होणारी. या आणि वजनाच्या अटीत बसणाऱ्या सायकलीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. म्हणजे पाय चालले तरच मोटार चालावी, ही कल्पना नियम लिहिणाऱ्यांनाही सुचली होती. आपण मात्र दुकानात रंग बघतो, बॅटरी किती किलोमीटर चालते ते विचारतो आणि पायांचा विषयच काढत नाही.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. थ्रॉटलवर चालणारी सायकल ही सायकल नव्हे, ती हळू पळणारी गाडी आहे. पेट्रोल वाचते, धूर होत नाही, हे तिचे गुण मान्य. पण तुमच्या हृदयाला, स्नायूंना आणि साखरेला तिचा गाडीइतकाच उपयोग, म्हणजे जवळजवळ शून्य.

शरीराचा हिशेब

थोडे गणित करू. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने साधी सायकल चालवायला साधारण ४० ते ६० वॉट ताकद लागते. हे बहुतेकांना जमते. आता टेंबलाईसारखा चढ घ्या. ८० किलोचा माणूस, १५ किलोची सायकल, शंभर मीटरला पाच मीटर चढ आणि वेग ताशी फक्त १०. आता लागतात सव्वाशे ते दीडशे वॉट. ज्याने वीस वर्षे व्यायाम केलेला नाही, त्या पन्नाशीच्या माणसाला एवढी ताकद काही मिनिटेसुद्धा टिकवणे कठीण जाते. तो धापा टाकतो, उतरतो, सायकल ढकलत वर नेतो आणि दुसऱ्या दिवशी ती जिन्याखाली लावतो. आपल्या किती इमारतींच्या पार्किंगमध्ये अशा धूळ खाणाऱ्या सायकली उभ्या आहेत, ते एकदा मोजून बघा.

त्याच चढावर मोटारीने निम्मा भार घेतला, तर उरतात साठ-सत्तर वॉट. श्वास वाढतो, कपाळावर घाम येतो, पण माणूस वर पोचतो आणि उद्या पुन्हा निघतो. वैद्यकीय भाषेत याला मध्यम तीव्रतेचा व्यायाम म्हणतात. त्याची घरगुती खूण सोपी आहे: सायकल चालवताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येता कामा नये. आरामात गाणे म्हणता येत असेल तर मोटारीची मदत एक पायरी कमी करा. एक वाक्यही धड बोलता येत नसेल तर एक पायरी वाढवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम. मध्यम हिस्सा ई-सायकलवर पुरा होऊ शकतो. जोरकस हिस्सा मात्र मोटारीची मदत कमी किंवा बंद केल्याशिवाय सहसा होत नाही. साध्या सायकलीची जागा इथे आहे.

अभ्यास काय सांगतात

युरोपातल्या सात शहरांत केलेली एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात ई-सायकलवाल्यांचा आणि साध्या सायकलवाल्यांचा आठवड्याचा एकूण व्यायाम जवळपास सारखा भरला. ई-सायकलवर दर मिनिटाला कष्ट कमी, पण लोक तिच्यावरून जास्त लांब जात होते. स्वित्झर्लंडमध्ये वजन जास्त असलेल्या ३२ जणांना चार आठवडे ई-सायकलवर किंवा साध्या सायकलवर कामावर जायला लावले, तेव्हा दोन्ही गटांचा दमसास वाढला. हा दुसरा अभ्यास छोटा आहे, त्यावर मोठी इमारत बांधू नये. पण "मोटार आहे म्हणजे व्यायाम नाही" हे म्हणणे खोडायला तो पुरेसा आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या पाहण्या पायडल मारून चालणाऱ्या ई-सायकलींच्या आहेत. मूठ पिळून फिरणाऱ्याने त्यांचे आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत.

ती कोणाच्या जागी आली?

ई-सायकल चांगली की वाईट, हे सायकलीकडे बघून ठरत नाही. घरातल्या कोणत्या वाहनाची जागा तिने घेतली, यावर ते ठरते. माझ्याकडे येणाऱ्या लोकांचे साधारण तीन प्रकार दिसतात.

१. गाडीच्या जागी आली. फुलेवाडीहून शाहूपुरीत दुकानावर जाणारा माणूस आजवर स्कूटरने जायचा. आता पेडल असिस्टवर जातो. जाऊन येऊन चाळीस-पन्नास मिनिटे पाय हलतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर अडीचशे मिनिटांच्या आसपास. या माणसाचा निव्वळ फायदा आहे. व्यायामासाठी वेगळा वेळ काढायचा नाही, म्हणून तो टिकतोही.

२. साध्या सायकलीच्या किंवा चालण्याच्या जागी आली. कॉलेजचा धडधाकट मुलगा साध्या सायकलने जायचा, वडिलांनी कौतुकाने ई-सायकल घेऊन दिली. रंकाळ्याला रोज चालत जाणाऱ्या काकू आता ई-सायकलवरून जातात आणि दहा मिनिटांत परत येतात. इथे तोटा आहे. फुकटचा व्यायाम गेला आणि पैसेही गेले.

३. कोणाच्याच जागी आली नाही. महिनाभर हौस झाली, मग जिन्याखाली. हिच्याबद्दल जास्त काय लिहायचे?

घरात ई-सायकल आणायच्या आधी एवढाच प्रश्न विचारा: आपण काय सोडून हिच्यावर बसणार आहोत? उत्तर 'स्कूटर' असेल तर जरूर घ्या. उत्तर 'चालणे' किंवा 'साधी सायकल' असेल तर पैसे वाचवा.

"साधीच चालवा" म्हणणाऱ्यांना

आता आमच्या सायकलस्वार मित्रांशी दोन शब्द. तुम्ही पन्हाळा एका दमात चढता, तुमचे कौतुकच आहे. पण तुमची फूटपट्टी सगळ्या गावाला लावू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. देशातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, असे २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अहवालात आहे, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून जास्त आहे. यातल्या बहुतेकांपुढे साधी सायकल की ई-सायकल हा प्रश्नच नाही. त्यांच्यापुढे प्रश्न आहे तो ई-सायकल की सोफा. गुडघे कुरकुरणाऱ्या, वजन नव्वदला टेकलेल्या बाईंना तुम्ही हसून परत पाठवता, तेव्हा त्या साध्या सायकलीकडे वळत नाहीत. त्या घरी जातात.

तालमीत नवख्या पोराला पहिल्याच दिवशी कसलेल्या पैलवानाशी झुंजवत नाहीत. आधी दंड-बैठका, मग जोड. व्यायामाचे हे शहाणपण या गावाला नवीन नाही.

मग समतोल कसा साधायचा?

दोन्ही सायकली घरात असतील, किंवा एकाच ई-सायकलीची मोटार बंद करता येत असेल, तर साधारण असा आठवडा आखा.

• कामाचे चार-पाच दिवस: ई-सायकल, पेडल असिस्टवर, जमेल तितक्या कमी मदतीवर. थ्रॉटलला हात लावायचा तो फक्त सिग्नलवरून सुटताना किंवा अचानक त्रास झाला तर.
• दोन दिवस: साधी सायकल, २० ते ४० मिनिटे. सुरुवात सपाट रस्त्याने करा, चढ नंतर.
• दर दोन-तीन आठवड्यांनी मदतीची एक पायरी खाली या. जो चढ तिसऱ्या पायरीवर चढत होता, तो दुसऱ्या पायरीवर जमतो का बघा. औषधाचा डोस कमी करत आणावा तसे. (औषधाचा खरा डोस मात्र स्वतःहून कमी करू नका.)
• आठवड्यातून दोनदा बैठका, जिना, वजने असे स्नायूंचे काम. सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे हाडांना हवा तसा ताण मिळत नाही. म्हणून चालणेही सोडू नका.

आणि एक कोल्हापुरी सूचना. अर्धा तास मध्यम वेगाने पायडल मारून साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. वाटेत कट घेऊन खाल्लेली मिसळ-पाव त्याच्या दुपटीहून अधिक परत देते. मिसळ खाऊ नका असे म्हणणारा डॉक्टर या गावात टिकायचा नाही, पण रोजच्या फेरीचा शेवट रोज मिसळीवर नको.

यांनी जपून

• हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, चालताना छातीत दुखणे, चक्कर: आधी तपासणी, मग सायकल.
• इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणारे: खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला तर थांबा आणि ते खा.
• बीपी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेणारे: नाडीचा वेग या गोळीने दबतो, त्यामुळे घड्याळावरच्या आकड्यावर विसंबू नका. बोलण्याची चाचणी वापरा.
• गुडघेदुखी: सीट फार खाली ठेवू नका. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा.
• साठीच्या पुढचे: ई-सायकल साध्या सायकलीपेक्षा बरीच जड असते, अनेकदा वीस किलोच्या पुढे. चढता-उतरताना तोल जातो. खालच्या दांड्याची सायकल घ्या आणि आधी मोकळ्या मैदानात सराव करा.
• सगळेच: हेल्मेट घाला. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीला जाणाऱ्यांनी महामार्गावरच्या ट्रकांच्या रांगेत सायकल घालू नये, सेवा रस्ता किंवा आतला रस्ता धरावा. पावसाळ्यात ब्रेक आधी तपासा.

दुकानात विचारायचे तीन प्रश्न

पायडल न मारता ही चालते का? मोटार पूर्ण बंद करून चालवायला किती जड जाते? मदतीच्या पायऱ्या किती? बॅटरी किती लांब नेते हा प्रश्न चौथा. विक्रेत्यांनाही विनंती आहे: 'व्यायाम' हा शब्द वापरून सायकल विकायची असेल तर गिऱ्हाइकाला पेडल असिस्ट शिकवून मगच ती घरी पाठवा. थ्रॉटल दाखवून व्यायाम विकणे ही दिशाभूल आहे.

मोटार पायांच्या मदतीला असावी, पायांच्या बदल्यात नव्हे. तुमची ई-सायकल स्कूटरला घरी बसवत असेल तर तिच्यासारखे स्वस्त औषध थोडेच आहे. ती तुमच्या पायांनाच घरी बसवत असेल तर तिची बॅटरी चार्ज होत राहील, तुमची उतरत जाईल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचा आजार आणि औषधे पाहून तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला अंतिम समजावा.)